नऊ जोड्यांची नावं

सिकलसेलवरच्या नव्या गोळीच्या गडचिरोलीतल्या चाचणीचे आकडे नागपूरच्या प्रयोगशाळेत आले. दोनशे बारा रुग्ण, अकरा महिने, रोज एक गोळी. रक्तातल्या एका विशिष्ट हिमोग्लोबिनचं प्रमाण वीस टक्क्यांवर जायला हवं होतं, ते तीनवर अडकलं होतं. आठ वर्षांतला हा तिसरा रेणू, आणि आधीचे दोनही असेच तीन-चारवर थांबले होते. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की ज्याला अडवायचं ते प्रथिन औषधाला दाद देत नाही असं नोंदवून आता प्रकल्प बंद करावा. मार्चअखेर कागद वर जातील.

मंजिरी डोंगरदिवे टेबलाच्या टोकाला बसली होती. वय चव्वेचाळीस, चुंबक विभागाची, म्हणजे मोठ्या चुंबकांनी रेणूंचे आकार मोजणाऱ्या विभागाची प्रमुख. तिने मान हलवली, वहीत तारीख लिहिली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

माणूस जन्मतो तेव्हा त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. सिकलसेलच्या रुग्णातसुद्धा ते निर्दोष असतं. जन्मानंतर काही महिन्यांत एक प्रथिन ते बंद करतं, आणि त्याच्या जागी येणारं हिमोग्लोबिन सदोष असलं की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. मग छातीत, पोटात, सांध्यांत, कुठेही रक्त अडतं आणि माणूस कळवळतो. बंद करणाऱ्या त्या प्रथिनालाच अडवलं तर तान्हेपणीचं रक्त परत सुरू होईल, ही कल्पना जुनीच होती. नवा होता तो 'रचनाकार', आता दोन हजार बेचाळीसमध्ये आठ-नऊ वर्षं वापरात असलेला, रेणू आखणारा संगणक. प्रथिनाचा आकार त्याला दिला, की त्या प्रथिनाच्या खोबणीत नेमका बसणारा रेणू तो दोन दिवसांत काढून देई. बहुतेक आकार तो स्वतःच अंदाजाने सांगायचा. हे प्रथिन मात्र लवचीक होतं, त्याच्या खोबणीचा अंदाज बांधता येत नव्हता. अशा ठिकाणी रचनाकार आपला अंदाज बाजूला ठेवून माणसांनी केलेल्या मोजमापावर विश्वास ठेवी. या खोबणीचं मोजमाप जगात एकदाच झालं होतं, सोळा वर्षांपूर्वी, याच इमारतीत. त्यावर दोन नावं होती: हेमराज मडावी आणि मंजिरी डोंगरदिवे.

मंजिरीने ती जुनी फाईल उघडली. खोबणीच्या भिंतीतले नऊ घटक, प्रत्येकाचे दोन मिथाइल गट. प्रत्येक जोडीपुढे एक आणि दोन असे आकडे, आणि शेजारच्या रकान्यात अठरा वेळा 'निश्चित'. त्यातलं काहीच निश्चित नव्हतं हे फक्त तिला माहीत होतं. निदान तिचा तसा समज होता.

दोन हजार सव्वीसमध्ये ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि हेमराज एकोणतीसचा. तो धानोऱ्याकडचा. त्याच्या धाकट्या बहिणीला, रजनीला, सिकलसेल होता, म्हणून त्याने हेच प्रथिन निवडलं होतं. तो नमुना तयार करायचा, मंजिरी चुंबकातले वर्णपट वाचायची. दोन वर्षं दोघांनी एकाच टेबलावर डबा खाल्ला. लग्नाचा विषय कोणी काढला नव्हता, पण सुट्टीचे अर्ज दोघं एकमेकांना विचारून करायचे, आणि विभागात सगळे ते धरूनच चालले होते.

व्हॅलीन आणि ल्युसीन या घटकांच्या टोकाला दोन मिथाइल गट असतात, बेचक्याच्या दोन फांद्यांसारखे. सूत्रात दोन्ही सारखेच दिसतात. पण प्रथिनात बसल्यावर एक फांदी खोबणीकडे वळते, दुसरी पाठ फिरवते, आणि त्यामुळे चुंबकात दोघांचे सूर वेगळे लागतात. वर्णपटात दोन शिखरं उमटतात. ती कुठल्या जोडीची आहेत हे कळतं, पण त्यातलं एक नंबरचं कोणतं आणि दोन नंबरचं कोणतं हे कळत नाही. ते नंबर मनाने द्यायचे नसतात, बेचक्याच्या भूमितीने ते ठरलेले असतात. ओळखायला वेगळा प्रयोग करावा लागतो. तोवर एकाला एक्स म्हणायचं, दुसऱ्याला वाय. म्हणजे दोन आहेत, कोण कुठला ते ठाऊक नाही. असं प्रामाणिकपणे लिहिलं, की पुढचं गणित दोन्ही शक्यता करून बघतं. एक-दोन लिहिलं की गणित त्यावर विसंबतं. चूक झाली तर अणू जेमतेम अडीच अँगस्ट्रॉम, स्वतःच्याच रुंदीएवढा, सरकतो, पण तेवढ्याने खोबणीची भिंत आत येते.

हेमराजला तो वेगळा प्रयोग करायला दोन महिने हवे होते. तेवढ्यात रजनीला छातीत दुखू लागलं आणि तो गावी गेला. शोधनिबंध पाठवायची मुदत त्याच आठवड्यात होती. मंजिरीने माहिती जुन्या संगणक-प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायला घेतली, तर नवीने एक्स-वाय नाकारले. पडद्यावर अठरा लाल ओळी आल्या. तिने दुपारभर वाट शोधली. मग एका ओळीची आज्ञा लिहिली: एक्स म्हणजे एक, वाय म्हणजे दोन. लाल ओळी गेल्या, आणि 'निश्चित' हा शब्द प्रणालीने स्वतःच भरला.

हेमराज परत आला तेव्हा त्याने विचारलं, पाठवताना काही बदलावं लागलं का. ती नाही म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हात धुवायला गेला.

त्यानंतर तिला त्याच्यासमोर मोकळेपणी बसता येईना. डब्याच्या वेळी ती चुंबकाचं काम काढू लागली. तीन महिन्यांनी हेमराजने नोकरी सोडली, रजनीला बघायला घरी कोणी नाही म्हणून. मंजिरी पुढे जर्मनीत गेली, चार वर्षांनी परतली, प्रमुख झाली. त्याने लग्न केल्याचं तिला कोणाकडून तरी कळलं. तिने केलं नाही. ज्याच्याशी लग्न करावंसं वाटेल असं माणूसच पुन्हा भेटलं नाही, असं ती आईला सांगायची. फाईलबद्दल ती विसरली नव्हती, तिकडे वळायचं टाळत होती इतकंच.

आता तिने तीन आठवडे गुपचूप ते प्रथिन पुन्हा बनवायचा प्रयत्न केला. सगळं स्वयंचलित झालं होतं. जिवाणू वाढवणं, थंड करणं, गाळणं, सगळं कपाटाएवढं यंत्र करायचं. तिन्ही वेळा प्रथिन नासलेल्या दुधासारखं फुटलं. निबंधात पद्धतीची एकच ओळ होती. बाकीचं हेमराजच्या हातात होतं.

मार्चच्या मध्यावर ती गाडी काढून धानोऱ्याच्या पुढे मुरुमटोल्याला गेली. हेमराज तिथल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होता. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोडसर वास रस्त्यापर्यंत येत होता. दार त्याच्या बायकोने, कुंदाने उघडलं. ती उपकेंद्रात परिचारिका होती. मंजिरीने सांगितलेलं नाव तिला माहीत असावं; दार पूर्ण उघडून ती म्हणाली, या मॅडम, ते शाळेतून येतीलच.

भिंतीवर रजनीचा फोटो होता आणि त्याला हार घातलेला होता. मंजिरीला ते माहीत नव्हतं. कुंदाने पाणी देताना सांगितलं, चार वर्षं झाली. दुसऱ्या गोळीच्या चाचणीत होती ती. मोठ्या हौसेने घ्यायची, माझ्या दादाच्या कामातून निघालीय म्हणून सगळ्यांना सांगायची.

हेमराज आला. केस पिकले होते, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवला होता. त्याने तिला पाहिलं आणि हातातल्या वह्या हळूच खाटेवर ठेवल्या. चौकशा झाल्या, चहा झाला. मंजिरीने वाटभर जुळवलेली वाक्यं त्या फोटोपुढे उपयोगाची राहिली नव्हती.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. "एक्स-वाय मी काढले होते. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणाले."

"मला माहीत होतं."

तिने मान वर केली.

"त्याच दिवशी फाईल उघडून पाहिली होती मी," तो म्हणाला. "तू सांगशील म्हणून थांबलो. तिथे तीन महिने थांबलो. मग इथे आल्यावरही बरेच दिवस."

"आणि गोळी निघाली तेव्हा?"

हेमराजने चष्मा पुसायला घेतला. "मला वाटलं तू केव्हाच दुरुस्त केलं असशील. तपासून बघावं असं मनातही आलं नाही. तू ते तसंच सोडणार नाहीस, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही."

तो आवाज न चढवता बोलला होता. मंजिरीला खाली बघावं लागलं. तिच्यावर कोणी इतका विश्वास ठेवून सोळा वर्षं काढली होती, आणि त्याच विश्वासाखाली त्याची बहीण रोज सकाळी निरुपयोगी गोळी गिळत गेली होती.

कुंदा दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली, भांड्यांचा आवाज आला, आणि ती भात-वरणाचं ताट घेऊन आली. मंजिरीपुढे ठेवून म्हणाली, "मी माझ्या हातानं दिली तिला ती गोळी. चौदा महिने. आता तुम्ही ते आधी नीट करा, ताई. रागवायचं ते मी मग बघीन. जेवून घ्या."

मंजिरी जेवली. तिने ताट संपवलं. जायच्या आधी तिने हेमराजला विचारलं, प्रथिन फुटतंय, येशील का. परीक्षा संपल्या की येतो, म्हणाला.

नागपूरला परतल्यावर तिने समितीला दोन पानांचं पत्र लिहिलं. काय केलं, केव्हा केलं, कशामुळे तीनही रेणू चुकीच्या खोबणीसाठी बनले असण्याची शक्यता आहे, सगळं. अध्यक्षांनी तिला बोलावून पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि विचारलं, हे आत्ता सांगायची काय गरज होती, प्रकल्प तर आपोआप बंद होतच होता. ती म्हणाली, म्हणूनच. तिचं प्रमुखपद काढून घेतलं गेलं. प्रकल्पाला तीन महिने मिळाले.

एप्रिलच्या शेवटी हेमराज आला. एक पिशवी, कुंदाने दिलेला डबा, आणि बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. पहिल्याच दिवशी त्याने ते कपाटाएवढं यंत्र बंद करायला सांगितलं. यंत्र दहा मिनिटांत फ्लास्क थंड करायचं, आणि प्रथिनाला घडी घालायला सवडच मिळत नव्हती. हेमराजने फ्लास्क हलवत ठेवणारा जुना शेकर शोधून काढला. दर दोन तासांनी दोन अंश, असं करत त्याने सबंध दिवस-रात्रीत फ्लास्क चौदा अंशांवर आणला. गाळताना पंप लावू दिला नाही, थेंब आपल्या गतीने पडू दिले. वरच्या फेसाकडे बघून तो सांगायचा, आता थांब, आता पुढे. मंजिरीने या वेळी प्रत्येक गोष्ट लिहून घेतली.

जिवाणूंना या खेपेला वेगळं खाद्य दिलं होतं. त्यातली दहा टक्के साखर जड कार्बनची होती, बाकीची साधी. अशा साखरेवर वाढलेला जिवाणू बेचक्याची एक फांदी शेजारच्या कार्बनसकट एकाच साखरेच्या तुकड्यातून उचलतो, दुसरी फांदी वेगळ्या तुकड्यातून आणून जोडतो. म्हणून एक नंबरच्या मिथाइलचं शिखर चुंबकात दुभंगून येतं आणि दोन नंबरचं अखंड राहतं. सोळा वर्षांपूर्वी हेमराजला दोन महिने हवे होते ते याचसाठी.

ते दिवस मंजिरीला लवकर सरू नयेत असं वाटत होतं. ती सात वाजायच्या आत येऊन बसायची, कारण साडेसातला तो फाटकातून चालत यायचा आणि तिच्या खिडकीतून ते दिसायचं. तो काम करताना नाकातल्या नाकात काही तरी गुणगुणायचा, ते अजून तसंच होतं. दुपारी जुन्याच टेबलावर ते जेवायचे. तो शाळेतल्या मुलींबद्दल सांगायचा, कुंदाबद्दल सांगायचा, रजनीने शेवटच्या वर्षी शिवणाचा वर्ग कसा काढला ते सांगायचा. मंजिरी ऐकायची. सांगण्यासारखं तिच्याकडे चुंबकांपलीकडे फारसं नव्हतं, आणि जे होतं ते सांगायची वेळ निघून गेली होती.

अकराव्या दिवशी सकाळी वर्णपट आला. हेमराजने चष्मा लावला आणि एकेक जोडी वाचत गेला. "अकरावा व्हॅलीन. उलटा. चौदावा ल्युसीन. बरोबर आहे." मंजिरी पुढे खुणा करत होती. आठ जोड्या झाल्या तेव्हा त्यातल्या पाच उलट्या निघाल्या होत्या. नवव्या जोडीची शिखरं दुसऱ्या एका शिखराखाली दबली होती, दुभंगलेलं कोणतं ते दिसेना. मंजिरी म्हणाली, बाकीच्या आठांवरून भिंतीचा कल पाहता हे बहुधा एक नंबरचं असावं.

"बहुधा," हेमराज म्हणाला.

तिने एक्स-वाय लिहिलं. आताच्या प्रणालीत त्यासाठी रकाना होता, भरून झाल्यावर तिने तो दोनदा तपासला.

दुरुस्त फाईल रचनाकारला दिली. तिसऱ्या दिवशी त्याने नवी खोबण दाखवली. एक भिंत मागे हटली होती आणि आत आजवर न दिसलेला एक कोपरा उघडला होता. नवा रेणू त्या कोपऱ्यात शिरला. आठवड्याभरात तो बनवून परीक्षानळीत तपासला, तर जुन्यापेक्षा ऐंशी पट घट्ट बसला. आकडा पडद्यावर आला तेव्हा हेमराज उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मंजिरी आपल्या जागेवरच थांबली. त्याच्या मनात कोण आहे हे तिला कळत होतं, आणि तिथे जायचा आपल्याला अधिकार नाही हेही.

दुरुस्तीचं टिपण दोघांच्या सहीने गेलं. चूक कोणाची, हे मंजिरीने स्वतःच्या नावापुढे लिहिलं. हेमराजने ते वाचलं, त्यात काही बदल सुचवला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी ती त्याला गणेशपेठेच्या बसस्थानकावर सोडायला गेली. ऊन रणरणत होतं. गडचिरोलीची गाडी लागायला वेळ होता. दोघं पंख्याखालच्या बाकावर बसले. हेमराजने दोघांसाठी उसाचा रस आणला. रस पीत ते समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचू लागले.

"एक विचारू?" मंजिरी म्हणाली. "त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं, तर तू थांबला असतास?"

त्याने रस संपवला. ग्लास बाकाखाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "रजनीसाठी जावंच लागलं असतं." मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "पण तुला सोबत चल म्हणालो असतो."

गाडी लागली. त्याने पिशवी उचलली, पोचल्यावर कळवतो म्हणाला, आणि रांगेत जाऊन उभा राहिला. मंजिरी गाडी वळेपर्यंत थांबली, मग आणखी थोडा वेळ तिथेच बसली. आपण गेलो असतो का, हे ती स्वतःला विचारत होती. गेलो असतो, हे उत्तर तिला विचार न करताच आलं.

नव्या गोळीची चाचणी पुढच्या वर्षी सुरू झाली. पाचव्या महिन्यात गर्भातलं हिमोग्लोबिन एकोणीस टक्क्यांवर पोचलं. मंजिरी आता साध्या पदावर होती. वर्णपट वाचायची, आणि जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही असंच लिहा, म्हणून नव्या मुलांच्या मागे लागायची. काही जुने सहकारी तिच्याशी बोलत नव्हते. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण नवल वाटत नव्हतं.

मुरुमटोल्याच्या उपकेंद्रात पंधरा रुग्ण होते. दर रविवारी सकाळी कुंदा घरूनच फोन करायची. कोणाला दुखलं, कोणाला नाही, कोण शेतावर जायला लागलं. त्या पावसाळ्यात पंधरातल्या एकालाही रुग्णालयात न्यावं लागलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. रागवायचं राहिलंच माझं, असंही ती एकदा म्हणाली, आणि मग पुढचा आकडा सांगितला.

हे सगळे आकडे मंजिरीला शुक्रवारीच अहवालात मिळालेले असत. तरी ती फोनची वाट बघायची. कुंदाच्या मागे अंगणातून हेमराजचा आवाज येई. कधी तो कोणाला गणित समजावत असे, कधी नुसता बादली मागत असे, कधी नाकातल्या नाकात गुणगुणत असे. तो स्वतः फोनवर येत नसे आणि ती त्याला बोलवा म्हणत नसे. कुंदाचं सांगून संपलं की मंजिरी आणखी काही तरी विचारायची. भूक कशी आहे सगळ्यांना. झोप लागते का.

सप्टेंबरातल्या एका रविवारी तिने असंच विचारलं, आणि वजनं वाढली का.

उत्तरासाठी कुंदाला कुठे जावं लागणार नव्हतं. वजनांचा तक्ता ती घरीही भिंतीवर, डोळ्यांसमोरच लावून ठेवते, हे तिनेच एकदा मंजिरीला सांगितलं होतं.

"वही आत आहे, ताई," कुंदा म्हणाली. "शोधावी लागेल. वेळ लागंल मला. तुम्ही फोन ठेवू नका."

तिने फोन अंगणाच्या ओट्यावर ठेवला आणि ती आत गेली. फोनमधून अंगणातलं नाकातल्या नाकात गुणगुणणं ऐकू येत होतं. कुंदा खूप वेळ आली नाही.